खालाचे दोन फोटो

माझा फोटो पहिल्यांदा इंटरनेटवर आला तेव्हा त्यात मी शेळीला शिव्या देत होते. तोंड उघडं, हात वर, कोपरापर्यंत हळद. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमच्या अनुभवी आजी'. शेळी फोटोत आली नव्हती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की ही अनुभवी आजी गिऱ्हाइकाच्याच अंगावर धावून जाते आहे.

मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी आहे तशी आहे. पण शेजारच्या आपाचा फोटो माझ्याहून वाईट आला होता, आणि त्या एका फोटोपायी तिच्या सुनेचं काम बंद पडायची वेळ आली. त्याची ही हकिगत.

आम्ही कळमनुरीला राहतो. आमच्या आणि आपाच्या घराला मधली भिंत एकच, अंगणात ती खांद्याइतकीच उंच. इकडून मी खिळा ठोकला की तिकडून ती ओरडते. बाजाराच्या रस्त्याला तिचं बांगड्यांचं दुकान आहे. आमच्या दोघींत वयानं मोठी कोण हे दोघींनाही माहीत नाही. मी तिला आपा म्हणते, ती मला बाई म्हणते. माझी नात तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. भांडण आणि भाजी या दोन्ही गोष्टींची आमची देवाणघेवाण गेली कित्येक वर्षं त्या भिंतीवरून चालू आहे.

गल्लीतल्या आम्ही काही बायका मिळून हळद विकतो. वाळवलेली हळकुंडं शेतकऱ्याकडून घ्यायची, निवडायची, फोडायची, गिरणीवर दळून आणायची, चाळायची आणि पुड्या भरायच्या. बाजारात ती हळद खपतेच. पण माझी नात नांदेडला कॉम्प्युटर शिकून आली आणि म्हणाली, "आजी, वेबसाइट करू. मुंबईची बाईसुद्धा तुमची हळद मागवील."

मी म्हटलं, "मुंबईच्या बाईला तिथं हळद मिळत न्हाई काय?"

"मिळते. पण ती कोणी चाळली ते तिला माहीत नसतं. आपण प्रत्येकीचा फोटो टाकू. फोटोवर बोट ठेवलं की त्या बाईच्या पुड्या दिसतील."

मला पटलं नाही, पण नात माझ्यावर गेली आहे. पटो न पटो, ती करतेच. त्याआधी तिनं कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्याची वेबसाइट केली होती. ट्रकवाला वेबसाइट बघून थांबतो का भूक लागली म्हणून थांबतो, असं मी तिला विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

हे काम एकटीचं नव्हतं. आपाची सून परभणीची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तीही कॉम्प्युटर शिकलेली. हळू बोलणारी, म्हणजे इतकी हळू की दूधवाला तिला तीनदा विचारायचा. तिच्या दिराचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. तो इतका मंद झाला होता की चालू करून चहा प्यावा, कप विसळावा, मग तो जागा व्हायचा. तिनं त्यातली सगळ्यांकडं असते ती सिस्टीम काढली आणि फुकटात मिळते ती दुसरी कुठलीशी स्वतःच टाकली. लॅपटॉप पळायला लागला. माझ्या नातीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "भाभी, तुमी माझ्यासोबत या." मग वाटणी ठरली. वेबसाइटची पानं नातीनं करायची, फोटो सुनेनं सांभाळायचे.

आपानं परवानगी दिली, पण तिच्या पद्धतीनं. आमच्या ओट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं सुनेला सांगितलं, "हे एक काम कर. नीट झालं तर पुढचं बघू. न्हाई झालं तर लॅपटॉप पेटीत अन् तू दुकानावर. माझे गुडघे आता दिवसभर बसू देत न्हाईत."

तिचा मुलगा टेम्पो चालवतो. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "अम्मी म्हणेल ते." म्हणजे त्याला विचारून उपयोग नव्हता.

पहिले फोटो माझ्या नातीनं काढले. आम्ही हळद चाळत असताना, न सांगता. तिचं म्हणणं असं की खरेपणा दिसला पाहिजे. खरेपणा दिसला. एकीचं नाक पिवळं, एकीच्या तोंडात पानाचा तोबरा. मी शेळीवर ओरडताना. आणि आपा! आपा केसांना मेंदी लावते हे गल्लीला ठाऊक आहे. पण त्या महिन्यात तिला जमलं नव्हतं. पदर खांद्यावर आलेला, मुळाशी बोटभर पांढरे केस आणि खाली भडक नारंगी. गाजर उलटं धरल्यासारखं डोकं.

फोटो बघून बायकांनी नातीला फाडून खाल्लं. मग ठरलं की नवे फोटो काढायचे, आणि ते आपाची सून काढील. तिनं आपाच्या अंगणात हिरवा पडदा लावला, एक खुर्ची ठेवली आणि एकेकीला बसवलं. ती काही बोलतच नव्हती. बाई बसायची, पदर ओढायची, केस चापायची, तोंड कसं धरायचं ते विचारायची, आणि ही नुसती मोबाइल धरून उभी. शेवटी बाई कंटाळून साधं तोंड करायची, तेव्हा ही फोटो काढायची. सगळ्यांचे फोटो छान आले. आपा त्यासाठी मुद्दाम मेंदी लावून आली होती. तिचा फोटो पाहून मी म्हटलं, "तुझ्या लग्नात तू एवढी बरी दिसत न्हवतीस."

आपा म्हणाली, "तू माझ्या लग्नात जेवणाकडं बघत होतीस."

आता यात रेपो नावाची एक भानगड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला ती नातीनं समजावली तशी सांगते. इंटरनेटवर या दोघींची मिळून एक कोठी असते. तिला त्या रेपो म्हणतात. वेबसाइटची पानं, फोटो, सगळं त्या कोठीत. प्रत्येकीनं कोठीतल्या मालाची नक्कल आपापल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, तिथं काम करायचं, आणि झालं की परत कोठीत नेऊन ठेवायचं. मग दुसरीनं ते उतरवून घ्यायचं. दोघी दोन घरांत बसून एकाच कामाला हात लावू शकतात. कोणी काय बदललं याची नोंदही कोठी ठेवते. त्या कोठीतूनच माल दूरच्या एका मशीनवर जातो आणि तिथून लोकांच्या फोनवर वेबसाइट दिसते.

नातीचे जुने फोटो कोठीत होतेच. त्यांच्या जागी बसावेत म्हणून सुनेनं नवे टाकले. नातीनं ते उतरवून घेतले, तिच्या लॅपटॉपवर वेबसाइट उघडून आम्हाला दाखवली. सगळ्या नव्या फोटोत. आपा हिरव्या पडद्यापुढं राणीसारखी. बायका खूश. नात म्हणाली, "संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर दिसेल."

संध्याकाळी बायका आमच्या ओट्यावर जमल्या. एकीनं शेंगदाणे आणले होते. नातीनं हुकूम सोडल्यासारखं सांगितलं, "आता उघडा."

सगळ्यांनी फोन उघडले. पहिली ओरडली ती आपा.

"ह्ये कोण हाय?"

"तुमीच, खाला," नात न बघताच म्हणाली.

"मी? अगे, माझी अर्धी मेंदी दिसून राहिली!"

मी माझा फोटो पाहिला. शेळीवाला. बाकीच्यांनी आपापले पाहिले. पिवळं नाक, पानाचा तोबरा, सगळे जुने. फक्त एकीचा फोटो नवा होता, आमच्यात सगळ्यांत धाकटी जी आहे, पिठाच्या गिरणीवाल्याची बायको, तिचा. ती हिरव्या पडद्यापुढं झकास बसलेली.

"हिचाच बरा काहून आला?" एकीनं विचारलं.

"शेवया देऊन आली आसंल," दुसरी म्हणाली.

"मी कोणाला शेवया दिल्या?" धाकटी रडकुंडीला आली. "देवाशपथ, मला काय माहीत न्हाई!"

माझ्या नातीनं लॅपटॉप आणला, उघडला. त्यात सगळे नवे फोटो. फोनमध्ये बघितलं, सगळे जुने. तिनं दोन्ही शेजारी ठेवले. हातात आरसा आणि आरशात दुसरीच बाई, तसं.

आपानं नातीला काही म्हटलं नाही. ती परक्याची पोर. तिनं सुनेकडं पाहिलं. "फोटोचं काम तुझं होतं ना?"

सून म्हणाली, "मी नवे टाकले, अम्मी."

"मग हे कोणी टाकले? बाईच्या शेळीनं?"

शेंगदाणे तसेच राहिले. मी नंतर खाल्ले.

पुढचे दोन-तीन दिवस नात त्या लॅपटॉपपुढं बसून होती. मी तिला विचारलं की काय बिघडलं, तर ती म्हणाली, "मला कळत न्हाई. मी काहीच हात लावला न्हाई तरी लॅपटॉप म्हणतो, खालाचा फोटो बदलला. मी म्हणते, न्हाई बदलला, होता तसा कर. तो करतो. मग पुन्हा म्हणतो, बदलला. अन् आता तर बघ, माझ्याकडं पण जुना दिसून राहिला."

मी सांगितलं, "सगळं पुसून टाक अन् पहिल्यापासून कर."

"आजी, तू जेवून घे," ती म्हणाली.

मी चौथीपर्यंत शिकले. लॅपटॉपमधलं मला काही कळत नाही आणि कळत असल्याचा आव मी आणत नाही. पण माणसाचं तोंड मला कळतं. नातीच्या तोंडावर मला दिसलं की तिनं मनात एक गोष्ट धरली आहे. फोटोला ती हात लावत नाही. कोठीची किल्ली दोघींकडंच. मग फोटो बदलतंय कोण?

दुपारी सून आली तेव्हा तिनं विचारलंच. "भाभी, तुमी परत परत जुने फोटो टाकून राहिल्या का?"

"न्हाई, ताई."

"मग माझ्याकडं खालांचा फोटो सारखा बदलतो काहून? मी न्हाई बदलला. दुसरं कोण हाय?"

सून उभी राहिली. तिच्या मानेवर लाल चढलं. "मी अम्मींचा वाईट फोटो लोकांना दाखवीन? मी?" एवढं बोलून ती घरी निघून गेली. चप्पल घालायची विसरली. चप्पल मी भिंतीवरून टाकली.

नातीला मी म्हटलं, "आता तुझी वेबसाइट तू एकटीनं कर."

"मी खोटं बोलले का?"

"खोटं न्हाई बोललीस. माहीत नसताना बोललीस. ते त्याच्याहून वाईट."

त्या संध्याकाळी आपानं भिंतीपलीकडून मला आवाज दिला. "बाई, ऐकतीस का? बाजार झाला की सूनबाई दुकानावर बसणार. तुमच्या पोरीला सांग, दुसरी कोणी बघ."

"आगं, काम अर्धंच झालंय."

"अर्ध्या कामानंच मला अर्धी मेंदी केली. पुरं झालं तर काय करील!"

मी हसले. तीही हसली असावी, कारण ती लगेच खोकायला लागली. पण आपा एकदा बोलली की बोलली. तिच्या नवऱ्यानं एकदा गंमत म्हणून तिच्या चहाला नावं ठेवली होती. तो बिचारा वर्षभर हॉटेलात चहा पीत होता.

बाजारचा दिवस दोन दिवसांवर आला होता. माझी नात घरात, सून तिच्या घरात, दोघी एकमेकींवर फुगून. दोघींपैकी कोणी भिंतीपर्यंत येईना. वेबसाइटवर आम्ही सगळ्या पिवळ्या, नारंगी, तोबरा भरलेल्या तशाच. मला राग आला तो याचा, की दोन शिकलेल्या पोरी गप्प बसून काम सडवत होत्या. भांडायचं तर समोर बसून भांडावं. मी मेथीची जुडी घेतली आणि नातीचा दंड धरला.

"चल. आपाला मेथी द्यायचीय."

"तू दे."

"माझे गुडघे दुखतात."

"खालांचे दुखतात. तुझे न्हाई."

"आता माझे बी दुखायला लागले. चल."

आपा दुकानावर गेली होती. सून स्वयंपाकघरात बसली होती, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून. म्हणजे तिचंही काम सुटत नव्हतं. आम्हाला पाहून ती उठली, मला पाणी दिलं, नातीला दिलं नाही. मी डब्याशेजारी बसले. लॅपटॉपवर फोटो उघडलेले होते, ओळीनं मांडलेले, आणि त्यात आपा दोनदा. एक आपा हिरव्या पडद्यापुढं, आणि तिच्या शेजारीच दुसरी आपा, गाजराच्या डोक्याची.

मी म्हटलं, "ही एक पुरत नव्हती का?"

नात वाकून बघायला लागली. बघता बघता खालीच बसली. "भाभी, हे दोन कसे?"

"दोनच आहेत," सून तिच्याकडं न बघता म्हणाली. "जुना तुमचा. नवा माझा."

"पण माझ्याकडं एकच दिसतो! नाव तर एकच आहे, खाला."

"एक कुठं आहे? तुमचं 'खाला' लहान अक्षरानं सुरू होतं. माझं मोठ्या."

"मोठं काहून केलं?"

आता सुनेनं तिच्याकडं पाहिलं. तिला हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला असावा. "काहून म्हणजे? त्या माझ्या सासू आहेत. अम्मींचं नाव मी लहान अक्षरानं लिहू? तुमी घाईत लिहिलं, तुमचं ठीक आहे, तुमी भाची लागता. मी सून आहे. आजींचंसुद्धा मी मोठंच लिहिलंय, बघा."

तिनं बोट ठेवलं. खरंच. जुनी आजी लहान अक्षराची, शेळीवर ओरडणारी. नवी आजी मोठ्या अक्षराची, तोंड मिटलेली. मावशी, काकू, मामी, सगळ्या वडीलधाऱ्यांना पोरीनं मान दिला होता. एक गिरणीवाल्याची बायको तेवढी तशीच.

"अन् हिला?" नातीनं विचारलं.

"ती माझ्याहून धाकटी आहे. तिला काहून मोठं करू?"

नातीनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. इतकी हसली की मला वाटलं हिला काही झालं. मग तिनं मला समजावलं. इंग्रजीत प्रत्येक अक्षराचं एक मोठं रूप आणि एक लहान. नातीच्या लॅपटॉपला ती दोन्ही सारखीच. लहान खाला असो, मोठी खाला असो, तो म्हणतो एकच. म्हणून दोन फोटो आले की तो एकावर एक ठेवायचा, कधी हा वर, कधी तो वर, आणि नातीला सांगायचा की फोटो बदलला. सुनेच्या लॅपटॉपवर दुसरी सिस्टीम, ती दोन वेगळ्या समजायची. आणि ज्या दूरच्या मशीनवरून वेबसाइट दिसते, तीही दोन वेगळ्या समजायची. नातीच्या पानात लिहिलेलं होतं, लहान खाला दाखव. मशीन बराबर लहान खाला दाखवत होती. गाजरवाली. धाकटीचं नाव दोघींनी सारखंच लिहिल्यामुळे तिचा नवा फोटो जुन्याच्या जागेवर बसला. शेवयांचा आरोप फुकट झाला.

माझ्या वेळी शाळेत अ एकच होता. मोठ्या माणसाचा तोच, लहानाचाही तोच. दोन-दोन अ ठेवायचे, हे चोचले ज्यांना परवडतात त्यांनी करावेत.

"मी उगाच बोलले, भाभी," नात म्हणाली.

"बोलल्या तर बोलल्या," सून म्हणाली, आणि तिला पाणी दिलं.

मला वाटलं, मिटलं. मेथी ठेवून मी उठणार होते. पण खरं भांडण आता सुरू झालं.

नात म्हणाली, "आता सगळी नावं लहान करून टाकू."

सून म्हणाली, "न्हाई."

एवढं स्पष्ट 'न्हाई' मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"न्हाई काहून?"

"पानं तुमची आहेत. पानात मोठं अक्षर लिहा. फोटोची नावं मी बदलणार न्हाई."

"अवो भाभी, कोणतं मोठं, कोणतं लहान, लक्षात कोण ठेवणार? सगळं लहान ठेवलं की चूक होतच न्हाई. सगळीकडं तशीच पद्धत आहे."

"सगळीकडं सासूचा फोटो टाकतात का?"

"कॉम्प्युटरला सासू कळत न्हाई!"

"मला कळते. नाव मी लिहून राहिले, कॉम्प्युटर न्हाई."

"अन् उद्या तिसरी कोणी कामाला आली तर?"

"तिला मी शिकवीन. तुमाला जमत नसंल तर तुमाला बी शिकवीन."

"मला?" नात गुडघ्यावर उभी राहिली. "पानं कोणी केली? रात्रंदिवस कोणी बसलं?"

"अन् फोटो कोणी केले? एकेक फोटो मी कापला, उजळला, हलका केला, म्हणून तुमचं पान पटकन उघडतं. नायतर गिऱ्हाईक बसलं असतं माश्या मारत."

मी मेथी निवडायला घेतली. अशा भांडणाला बसायला जागा मिळत नाही, मला फुकट मिळाली होती. सून बोलत होती, हातवारे करत होती, डब्यावर थापा मारत होती. मधे तिनं असं काही सांगितलं की नात म्हणाली, "हां, ते बराबर आहे." मग पुन्हा दोघी सुरू.

दाराकडं बघितलं तर आपा उभी. दुकान दुपारचं बंद करून आली होती. हातात पिशवी, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. किती वेळ उभी होती कोण जाणे. सुनेचं लक्ष गेलं आणि ती एकदम मिटली. पदर सावरला, लॅपटॉपचं झाकण पाडायला गेली.

"राहू दे," आपा म्हणाली. "काय चाललंय?"

उत्तर मी दिलं. "तुझी सून म्हणते, तुझं नाव मोठ्या अक्षरानं लिहायचं. माझी नात म्हणते, लहान. त्या दोन अक्षरांपायी तुझी मेंदी दिसून राहिली."

आपा आत आली, पिशवी ठेवली, डब्यापुढं बसली. दोन्ही फोटो तिनं नीट पाहिले. मग सुनेला विचारलं, "लहान लिहिलं तर हा पडद्यावाला दिसंल?"

"दिसंल, अम्मी. पण तुमचं नाव—"

"अन् तो दुसरा?"

"तो काढून टाकू."

"मग लहान लिही. उलटं लिही. उर्दूत लिही. मान काय तुझ्या त्या डब्यातून येतो काय? तू मला गरम भाकर वाढतीस तेवढा बस झाला."

सुनेनं नातीकडं पाहिलं. नात जिंकली होती, पण तिनं शहाणपणा करून तोंड मिटलं. ते तिला क्वचित जमतं.

मग त्यांनी काम केलं. ते सुनेच्याच लॅपटॉपवर करायला लागलं, कारण दोन्ही खाला तिथंच वेगळ्या दिसत होत्या. सुनेनं एकेक जुना फोटो काढून टाकला आणि नव्याचं नाव लहान अक्षरानं लिहिलं. माझ्या शेळीवाल्या फोटोच्या वेळी तिनं विचारलं, "आजी, पुसू?" मी म्हटलं, पूस. आपाच्या नावावर आल्यावर ती जरा थांबली, आपाकडं पाहिलं. आपा म्हणाली, "आटप." मग सगळं कोठीत गेलं. नातीनं आपल्या घरी जाऊन तिच्या लॅपटॉपवरची जुनी नक्कल पूर्ण टाकून दिली आणि नवी उतरवून घेतली. भिंतीपलीकडून ओरडली, "आलं! आता बदलला म्हणत न्हाई!"

आपानं कमरेची पिशवी सोडली, फोन काढला, वेबसाइट उघडली.

"अजून मेंदीच!"

 सून पुन्हा लॅपटॉपकडं धावली. नात धावत आली, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "खाला, तुमच्या फोननं जुना फोटो साठवून ठेवलाय. सारखा तोच दाखवतो."

मी म्हटलं, "फोन हाय का जाऊबाई? मागचं सगळं धरून बसायला!"

नातीनं फोनमध्ये कुठं कुठं बोटं घातली, साठवलेलं पुसलं आणि पुन्हा उघडलं. हिरवा पडदा. पडद्यापुढं आपा, मुळापासून नारंगी केसांवर पदर घेऊन, बाजारात कोणाचं ऐकून घेणार नाही अशी.

आपानं फोटो बराच वेळ पाहिला. मग फोन पिशवीत ठेवला, पिशवी कमरेला खोचली. सून उभी होती. पुढं काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. माझी नात विचारणार होती, मी तिला चिमटा काढला. हा प्रश्न आमचा नव्हता.

"मागं हिला एकदा दुकानावर बसवलं होतं," आपा मला म्हणाली. सुनेला नाही, मला. "नवरीची आई आली, सगळ्या घराच्या बांगड्या घ्यायला. विचारून राहिली, ह्या टिकतील का? ही म्हणते, माहीत न्हाई. खरं बोलली. काचेच्या बांगडीचं कोणाला माहीत असतं? ती बाई उठून समोरच्या दुकानात गेली."

सून खाली बघत होती.

"अन् इथं?" आपा म्हणाली. "इथं कशी भांडत होती, ऐकलंस ना, बाई? गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज. मला वाटलं घरात दुसरीच कोण शिरली. माझ्या दुकानात ही मुकी, अन् या पिठाच्या डब्यावर वकील."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जिला जिथं भांडता येतं तिनं तिथंच धंदा करावा. दुकानावर मी बसते. दुपारी बंद ठेवीन, दुपारी कोण बांगड्या भरायला येतं? गुडघे कुठं पळून चालले न्हाईत." मग सुनेकडं वळून म्हणाली, "अन् हा लॅपटॉप डब्यावरून उचल. मला पीठ पाहिजे."

सुनेनं लॅपटॉप उचलला. तो आता त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी आहे, त्याला एक टेबल केलं आहे, आणि पुसेगावच्या एका तेलघाण्याचं काम दोघींकडं चालू आहे. सगळी नावं लहान अक्षरात, असा नियम त्यांनी कोठीलाच घालून दिला आहे. कोणी मोठं अक्षर टाकलं तर कोठी माल परत करते.

सुनेला आता तोंड फुटलं आहे, ते मात्र आवरत नाही. परवा ती मला म्हणाली, "आजी, तुमी वेबसाइटसाठी लिहून दिलं ते चालणार न्हाई."

मी लिहून दिलं होतं, 'आमची हळद चांगली आहे. घ्यायची तर घ्या.'

मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, चालणार नाही. अजून आमचं मिटलेलं नाही.